चुंबळ आणि पाटली

चावा

चुंबळ चावली.

ओवीनं हे वाक्य मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ते बसेना. ‘चुंबळ’ आणि ‘चावली’ हे शब्द इतक्या वर्षांत कधी एका ओळीत आलेच नव्हते.

चुंबळ ही तिची पाळलेली अजगरीण. आफ्रिकेतली बुटकी, जाडसर जात. तपकिरी अंगावर मधाच्या रंगाचे डाग. बिचकली की अंगाची गुंडाळी करून डोकं मधोमध खुपसून बसायची. घागर डोक्यावर घेताना खाली कापडाची चुंबळ ठेवतात ना, अगदी तशी. म्हणून हे नाव. ओवी अकरावीत असताना रीतसर नोंदणी होऊन ती चंद्रपूरच्या या घरात आली आणि बारावीचा सगळा अभ्यास तिनं ओवीच्या गळ्यात पडून केला. ओवी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा चुंबळ आईकडेच राहिली. हे जनावर घरात असेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकणार नाही असं म्हणालेली आई आता रोज सकाळी तिला भाजीचे भाव सांगायची.

आणि आज, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या ओवीनं काचेच्या पेटीचं झाकण उघडून हात आत घातला, तर चुंबळनं मान मागं घेतली, वाकडी केली आणि झेप घेतली. डावं मनगट. चावून ती सुटली नाही. मनगटाभोवती दोन वेढे घालून आवळायला लागली, उंदीर आवळते तशी.

विष नव्हतंच. दुखलंही फारसं नाही. ओवी ओरडली ती वेगळ्याच कारणानं. चुंबळचे डोळे अगदी समोर होते आणि त्यांत ओळख नव्हती. सापाच्या डोळ्यांत ओळख कधीच नसते, हे तिला माहीत होतं. तरीही.

आई कणकेच्या हातांनी धावत आली. तिनं चुंबळच्या तोंडावर गार पाणी ओतलं, वेढे शेपटीकडून सोडवले आणि तिला आपल्या दंडावर घेतलं. दंडावर चुंबळ लगेच सैल पडली, उन्हातून आलेलं माणूस घरच्या खाटेवर पडतं तशी.

“काहून असं केलं व बाई?” आईनं चुंबळला विचारलं. ओवीला नाही.

तेच, पण दात नसलेलं

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी. खरं तर ती हीच आहे, फक्त तिला दात नाहीत.

बाळ ओवीचं दूध पीत नव्हतं. मुलगी होती; बारसं व्हायचं होतं, तोवर सगळे तिला चिमणी म्हणत. दवाखान्यात होती तोवर चिमणी छान प्यायली. घरी आली आणि बिनसलं. ओवी तिला छातीशी धरायची. ती तोंड उघडायची, मान इकडून तिकडे फिरवायची, शोधायची, आणि तोंडासमोर असलेलं तिला सापडायचंच नाही. मग हुंदके, मग किंचाळणं, अंग लाकडासारखं ताठ. कधी कधी तर ती मान वळवून ओवीच्या मनगटाकडे जायची आणि तिथलं कापड चोखत बसायची. आजीनं उचललं की गप्प. आजीच्या छातीला गाल लावून ती ओवीनं काढून दिलेलं दूध वाटी-चमच्यानं प्यायची, जेवढं जाईल तेवढं, आणि झोपायची.

वजन उतरायला लागलं तसं ओवीनं तिला दवाखान्यात नेलं. बाहेर चपला काढायच्या, उन्हासाठी अंगात घातलेल्या गारबंड्या काढून टांगायच्या आणि आत गार हॉलमध्ये नंबर लागेपर्यंत बसायचं. बराच वेळ बसल्यावर नंबर लागला. नर्सबाईंनी मांडीवर उशी दिली, बाळाला धरायला सांगितलं, आणि चिमणी प्यायला लागली. घटाघटा. नर्सबाई हसल्या. पहिलटकरणीला असं वाटतं, मन रमवा म्हणाल्या.

घरी आल्यावर पुन्हा तेच.

ओवीनं हे शौनकला, नवऱ्याला, फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं नर्सबाई नेमकं काय म्हणाल्या ते पुन्हा विचारलं. त्या विचारण्यातून तिला नीट ऐकू आलं की त्याचा विश्वास दवाखान्यावर आहे.

म्हणजे आता दोघी झाल्या. एक चावते, एक किंचाळते. दोघींना आई चालते. ओवी चालत नाही.

मध्येच थोडं विज्ञान

गारबंडी.

त्या उन्हाळ्यात चंद्रपुरात ती कुणाच्या अंगात नव्हती? सत्तेचाळीस अंशांची आता बातमी होत नसे. आठव्या महिन्यात ओवी याच घराच्या दारात चक्कर येऊन पडली होती, आणि बंडीशिवाय राहाल तर आईचं आणि बाळाचं दोघांचंही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

कल्पना साधी. कापडात केसाएवढ्या पोकळ नळ्या विणलेल्या. नळ्यांमधून एक द्रव खेळतो, दाण्याएवढा पंप त्याला खेळवतो. द्रव अंगाची उष्णता गोळा करतो आणि एका जागी नेऊन टाकतो, काडेपेटीएवढ्या चकतीवर. उष्णता नाहीशी करता येत नाही, हलवता मात्र येते. फ्रिज नाही का आतली उष्णता मागच्या जाळीवर आणून सोडत, तसंच. सगळं अंग गार आणि चकती तेवढी गरम. भाजणार नाही, पण तिथं हात ठेवावासा वाटणार नाही इतकी.

कंपनीनं चकती मानेमागं दिली होती. ज्यांनी ती तिथं दिली त्यांनी चंद्रपूरच्या बाईचा तेल चोपडलेला अंबाडा पाहिला नसावा. तेल गरम होऊन मानेवरून पाठीत उतरायचं. बाळंतीण तर दिवसभर आडवी, म्हणजे चकती उशीत. आईचं शिवणाचं दुकान होतं. तिनं एका बंडीच्या नळ्या उसवल्या, बाहीतून खाली आणल्या, चकती डाव्या मनगटावर घेतली आणि वरून कापड मढवून तिला पाटलीचा आकार दिला. बायकांना ती इतकी आवडली की दुकानावर ‘येथे पाटली करून मिळेल’ अशी पाटी लागली. बाळंतिणीला पूर्वी शेक-शेगडी द्यायचे. या उन्हात खाटेखाली निखारे कोण ठेवणार? त्याऐवजी लेकीला माहेरची पाटली द्यायची पद्धत पडली.

ओवीची पाटली आईनं हातानं टाचली होती. काठाला हिरवा दोरा.

आई स्वतः बंडी घालत नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या बंड्या उसवल्यावर ती अंगात घालायची हौस राहत नाही, म्हणायची.

इथं विज्ञान तूर्त संपलं. गोष्ट अजून तिथंच आहे.

चावा, पण दुसऱ्याला

शौनक पुण्याहून आला, चिमणीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, मग चुंबळकडे गेला.

ओवीनं त्याला एक विचित्र गोष्ट दाखवली. झाकण बंद असताना तिनं डावा हात काचेवर ठेवला. चुंबळ आतून संथपणे आली, काचेला नाक लावलं, जीभ हलवली. जुनी चुंबळ. ओवीनं पाटली काचेवर टेकवली, फिरवली. काही नाही. झाकण चार बोटं उचललं आणि तोच हात फटीजवळ नेला. चुंबळची मान वाकडी झाली. झाकण पडलं.

“काचेतून मी तिला चालते,” ओवी म्हणाली.

शौनकला हसू आलं, मग आपण हसलो याचं वाईट वाटलं. आईनं पाणी बदलायला चुंबळला बाहेर काढून हातावर घेतलं. शौनक समोर उभा राहिला, निरखून पाहिलं, बोटही लावलं. चुंबळनं त्याची दखल घेतली नाही. तेवढ्यात आत चिमणी रडली म्हणून तो वळला, आणि खाली पडलेलं दुपटं उचलायला वाकला.

चुंबळ आईच्या हातावरून सुटली ती सरळ त्याच्या मानेवर.

त्याची बंडी पुण्याची होती. दुकानात न उसवलेली. चकती मानेमागं. पण तेव्हा घरात हा विचार करायला कुणी मोकळं नव्हतं. सगळे किंचाळत होते.

“समोर असेपर्यंत गरीब होती,” मानेवर कापूस दाबत तो म्हणाला. “मी पाठ फिरवायची वाट पाहिली तिनं.”

कोण काय म्हणालं

शेजारच्या कुसुमकाकू म्हणाल्या की बाळंतिणीच्या अंगाला दुधाचा वास असतो, तो जनावराला सोसत नाही. जावयाला चावल्याचं कळल्यावर त्यांनी मत बदललं नाही, वाढवलं: जावई बाळंतिणीच्याच खोलीतून आला होता ना.

शौनक म्हणाला, मत्सर. घरात बाळ आलं.

आईनं चुंबळच्या पेटीखालची गरम पट्टी तपासली, पाणी बदललं, आणि दुकानात जाऊन उशिरापर्यंत मशीन चालवत बसली.

ओवीला सापांमधलं थोडंफार कळत होतं. मत्सर त्यांच्यात नसतो. कात टाकायची वेळ आली की चिडतात. चुंबळची कात नुकतीच झाली होती. हाताला उंदराचा वास असला तर चुकून धरतात. तिनं साबणानं हात धुतले, मग साबण बदलला, मग हात धुणंच सोडून दिलं. राहिलं काय? राहिली ती स्वतः. तिच्यात काहीतरी बदललं होतं. मूल झाल्यावर बदलतं म्हणे. पण ते बदललेलं नेमकं काय, जे अजगराला कळतं, दहा दिवसांच्या बाळाला कळतं आणि तिला स्वतःला कळत नाही?

ती आरशासमोर उभी राहिली. आरशात ओवी होती.

जेवताना शौनकनं सांगितलं. चुंबळला रविवारी वन्यजीव बचाव केंद्रात द्यायचं, बोलणं झालंय. आणि चिमणीला तो पुण्याला नेणार. त्याची आई आहे, वरचं दूध आहे. ओवीनं इथं विश्रांती घ्यावी. बरं वाटलं की यावं.

“बरं वाटलं की म्हणजे?”

“वजन उतरतंय तिचं, ओवी. मी अजून किती थांबू?”

तो हे प्रेमानं म्हणाला, म्हणून तिला भांडताही आलं नाही. आणि भांडणार काय? दवाखान्यात बाळ पितं. आईच्या हातात बाळ पितं. खोटं कुणी बोलत असेल तर ती ओवीच.

ताई, तुम्ही कुठं आहात?

रविवारी सकाळी दारात दोन पिशव्या होत्या. एकीत चिमणीची झबली. दुसरीत चुंबळचं सामान.

केंद्राला चुंबळच्या तब्येतीचा दाखला हवा होता. त्यासाठी जनावरांच्या डॉक्टर आल्या, डॉ. फुलझेले, बोलक्या, घामाघूम, टोपी डोक्यावर तशीच. त्यांनी चुंबळचं तोंड उघडून पाहिलं, खवल्यांखाली गोचिडी शोधल्या, पोट चाचपलं. मावशी, ही तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे, म्हणाल्या. आईनं चुंबळला परत पेटीत सोडलं. मग डॉक्टरांनी पिशवीतून उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. पेटीत कुठं जास्त तापतंय का, एवढंच बघायचं होतं. काचेतून काही दिसत नाही याच्यात, काच ही उष्णता अडवते, झाकण काढा म्हणाल्या.

आईनं झाकण काढलं. ओवी जवळ सरकली, पण हात मागं ठेवून.

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कॅमेरा हलवून पाहिला.

“ताई, तुम्ही कुठं आहात?”

“इथंच. तुमच्यासमोर.”

“समोर दिसताय. यात नाही.”

त्यांनी पडदा फिरवला. डावीकडे आई होती: नखशिखांत नारिंगी, मोठी, उजेडाच्या झाडासारखी. उजवीकडे ओवी असायला हवी होती. तिथं भिंतीच्याच रंगाचा निळा अंधार होता. त्यात एक फिकट चेहरा तरंगत होता. आणि खाली, कशालाच न जोडलेला, एक पांढराशुभ्र, धगधगता तुकडा.

ओवीनं मनगट हलवलं. तुकडा हलला.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते त्यांनाही बोलता बोलताच उमगत होतं. अजगराच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात. त्यांना उष्णता जाणवते, आणि तो अंधारात डोळ्यांपेक्षा त्यांच्यावरच जास्त भिस्त ठेवतो. माणूस म्हणजे त्याच्या लेखी उष्णतेचा मोठा डोंगर. डोंगराला कुणी चावत नाही. फार तर त्यावर चढून बसतं. पण गार पार्श्वभूमीवर उंदराएवढा गरम तुकडा हलत असला, तर ते फक्त एकच असू शकतं.

“चुंबळ तुम्हाला चावलीच नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिच्यासाठी तिथं नव्हताच. तिला रिकाम्या हवेत उंदीर दिसला.”

शौनकचा हात नकळत मानेमागं गेला.

आई म्हणाली, “पाटली मी केली.” अगदी सपाट आवाजात, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं.

ओवीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं डॉक्टरांच्या हातून कॅमेरा घेतला आणि आतल्या खोलीत गेली. चिमणी दुपट्यात चुळबुळत होती. पडद्यावर ती एवढीशी, पिवळीजर्द, दिव्यासारखी. ओवीनं कॅमेरा स्वतःकडे वळवला. छाती: अंधार. बंडीची पाजायची झडप उघडून पाहिली. आतही अंधार, जरासा कमी. आणि कोपऱ्यात ते मनगट, तळपणारं.

नव्या बाळाला धड दिसत नाही. वासानं आणि उबेनं ते दूध शोधतं. आईच्या छातीवर नेमकी दुधाची जागा भोवतीपेक्षा किंचित गरम असते, बाळाला वाट सापडावी म्हणून. हे ओवीनं गरोदरपणात कुठंतरी वाचलं होतं आणि गोड वाटून विसरली होती.

दवाखान्यात बंडी बाहेर टांगलेली. नंबर लागेपर्यंत अंगाची ऊब परत आलेली.

ती बाहेर आली नाही. तिथूनच हाक मारली. “शौनक. पिशवी ठेव खाली.”

सारख्याच गरम

बंडी काढली. पाटली मनगटावरून निघताना लाल वळ राहिला.

ऊन अंगावर पडावं तशी खोली तिच्या अंगावर पडली. कूलर भरारत होता, उपयोग शून्य. आईनं ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं, छाती पुसायची नाही हे लक्षात ठेवून. तापायला वेळ लागणार होता. ओवी भिंतीला टेकून बसली आणि तापायची वाट बघू लागली, चुलीवरच्या भांड्यासारखी. डोळ्यांपुढं मधूनच काजवे चमकत. पुन्हा चक्कर आली तर? मग बंडी घालायची, मग काढायची, रोज, पावसाळ्यापर्यंत. तिला सगळं कळलं होतं आणि काहीच सुटलं नव्हतं.

डॉक्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या मनात कल्पना आली. वाईट नव्हती, शास्त्रातली होती. मावशी आणि ताई आता सारख्याच गरम होतील. बाळाला दोघींच्या मधे ठेवावं, कुणाकडे वळतं ते बघावं. म्हणजे नुसती ऊब की आणखी काही, ते कळेल. शौनकनंही मान हलवली. त्याला आता कशाची तरी खात्री हवी होती.

आई उठली. “मी बाहेर बसते,” म्हणाली. “माझी ऊब मधे नको.”

“बस इथंच, आई,” ओवी म्हणाली. “आणि तो कॅमेरा बंद करा. कुणालाही मधे ठेवायचं नाही.”

तिनं स्वतः चिमणीला उचललं.

कारण ओवीला तोच प्रश्न मघापासून पोखरत होता, आणि तो चिमणीपासून सुरू झाला नव्हता. बारावीचं ते वर्ष. गळ्यातली चुंबळ. ती ओवीच्या गळ्यात होती, की कुठल्याही गरम फांदीवर? आणि हे एवढंसं तोंड ज्या कुणाला शोधतंय ती मी, की दोन-तीन अंश? चाचणी घेतली की उत्तर मिळतं. मग ते घरात ठेवावं लागतं.

चिमणीनं आधी मनगट शोधलं. सवयीनं. तिथं नुसता वळ होता. तिनं कुरकुर केली, मान फिरवली, चुकली, पुन्हा फिरवली. घामानं तिचा गाल छातीवर घसरला. ओवीनं डोळे मिटले. तिला कुठं, कशाला, का, यातलं काहीच बघायचं नव्हतं.

मग ओढ लागली. छातीत, पाठीत, थेट पोटापर्यंत.

“पितेय?” शौनकनं विचारलं.

उत्तर घटाघटा ऐकू येत होतं.

घाम हनुवटीवरून चिमणीच्या डोक्यावर टपकत होता. डॉक्टर टोपी काढून निघून गेल्या. दाखला लिहायचा राहिला तो राहिलाच. शौनक पिशवीतली झबली एकेक बाहेर काढू लागला.

आई कोपऱ्यात बसली होती. ओवीची बंडी तिच्या मांडीवर पडली होती, नळ्यांतला द्रव अजून फिरत होता, पाटली रिकाम्या हवेला तापवत होती. आईनं कात्री घेतली आणि हिरवा दोरा उसवला. मग फोन उचलला. पाटली करून नेलेल्या बाळंतिणी तिला तोंडपाठ होत्या.

पहिला फोन लागला.

“मी छाया बोलतो, टेलर. बरी आहेस? बाळ बरं आहे?” ती थांबली. “एक विचारू का? पितं का व ते तुझ्या अंगावर?”

पलीकडून हुंदका आला, आणि तो समोर बसलेल्या ओवीलाही ऐकू गेला.

“रडू नको माय,” आई म्हणाली. “आधी ती पाटली काढ.”